न ढवळायचा रस्सा

"हलू नका!"

मागून हाक आली तोवर किंगा हलली होती. हलली म्हणूनच तिच्या नव्याकोऱ्या निळ्या स्वेटरची बाही टर्रकन उसवली. अख्खा हिवाळा खपून तिने तो स्वेटर विणला होता, आणि घालून मिरवायला तिला नेमका तोच दिवस सापडला. एका हातात गरम पावांची पिशवी, दुसऱ्या हाताच्या बाहीत रुतलेला गळ आणि गळाच्या दोरीच्या त्या टोकाला, पंधरा पावलांवर, काठी धरून उभा असलेला एक उंच, भिजलेला, भांबावलेला तरुण.

"मी मासा नाहीये," किंगा म्हणाली. "ओढायचं थांबवा आधी."

"मी ओढत नाहीये... तुम्ही चालताय."

"पाणी तिकडे आहे हो, समोर! देवाने एवढी मोठी नदी समोर ठेवलीय आणि तुम्ही गळ मागे टाकताय?"

"टाकायचा पुढेच होता. पण पुढे टाकायला आधी मागे न्यावा लागतो ना... तेवढ्यात तुम्ही आलात." तो जवळ आला. एप्रिलची भुरभुर त्याच्या पापण्यांवर बसली होती. "आलात ते वाईट झालं असं नाही म्हणत मी."

एवढं बोलून तो स्वतःच लाल झाला आणि लोकर सोडवायला लागला. सोडवता सोडवता त्याने आणखी दोन टाके उसवले. शेवटी किंगाने त्याचा हात बाजूला सारला, गळ उलटा फिरवला आणि एका झटक्यात मोकळा केला. मग तिने तो तळहातावर घेऊन पाहिला, आणि स्वेटर राहिला बाजूला.

"हा एवढा मोठा? काय धरायला निघालात?"

"कार्प."

"अहो, हा कार्पच्या तोंडात जायचा नाही. कार्पच याच्यात झोका घेईल!"

हे तिला कळणारच. किंगा सव्वीस वर्षांची होती आणि त्यातली वीस तरी वर्षं ती गळांमध्येच वाढली होती. सुगोवित्सा म्हणजे डॅन्यूबचा आमच्या गावात शिरलेला फाटा. त्याच्या काठावर गळ, दोऱ्या आणि आमिषं विकणारं एकच दुकान आहे, आणि ते तिच्या वडिलांचं, गाश्पारकाकांचं. दुकान चालवायची मात्र किंगा. आई गेल्यापासून काकांना गिऱ्हाइकाशी गोड बोलणं जमत नसे.

तरुणाचं नाव आंब्रूश. नदीची खोली मोजायला पाटबंधारे खात्याने त्याला सहा महिन्यांसाठी पाठवला होता, सप्टेंबरच्या शेवटापर्यंत. आणि पाठवला होता कुठून? सेगेडहून!

आता सेगेड म्हटल्यावर आमच्या गावात भुवया का चढतात, ते सांगायला हवं. भांडण माशांच्या रश्श्याचं आहे. आम्ही हंड्यात कांदा, कार्प, पाणी आणि पाप्रिका, म्हणजे गोडसर लाल मिरचीची पूड, एकत्र उकळतो आणि त्यात बारीक शेवया घालून खातो. तिकडे तिसा नदीकाठी ते लोक आधी बारके मासे नि डोकी उकळतात, ती गाळणीतून दाबून गाळतात आणि त्या दाट रश्श्यात मग तुकडे सोडतात. शेवयांचं नाव काढलं तर त्यांच्या अंगावर काटा येतो, आणि गाळणीचं नाव काढलं तर आमच्या. एका गोष्टीवर मात्र दोन्ही गावांचं एकमत आहे. मासा हंड्यात पडला की पळी लावायची नाही. ढवळलं की मासा फुटतो नि काटे रस्साभर होतात. हंडा कडीला धरून गरकन फिरवायचा, बस्स.

दुसऱ्या दिवशी आंब्रूश दुकानात हजर. हातात लोकरीचं रीळ.

"तुमच्या स्वेटरसाठी."

"स्वेटर निळा आहे."

"हो."

"ही लोकर हिरवी आहे."

त्याने रीळ उजेडात धरून पाहिलं. "दुकानात निळी वाटली होती..."

किंगाने कपाळावर हात मारला. पण संध्याकाळी तिने ती बाही हिरव्याच लोकरीने शिवली, आणि तो स्वेटर पुढे रोज घातला, हेही खरं.

तिथून जे सुरू झालं त्याला प्रेम म्हणावं की डोक्याला ताप, हे किंगाला उन्हाळाभर ठरवता आलं नाही. आंब्रूश सकाळी नदी मोजायचा आणि चार वाजले की काठावर गळ टाकून बसायचा. त्याआधी दुकानात येऊन नेमकी चुकीची वस्तू निवडायचा. नितळ पाण्यात त्याला जाड दोरी हवी. वाहत्या पाण्यात हलकं शिसं हवं. किंगा समजवायची, तो मन लावून ऐकायचा, आणि दुसऱ्या दिवशी पालथ्या घड्यावर पाणी.

"गाठ अशी," ती शिकवायची. "दोरी दुमडा, पाच वेढे द्या, आता थुंकी लावून ओढा. कोरडी ओढली तर जळते."

"अशी?"

"अशी नाही, अशी." मग तिची बोटं त्याच्या बोटांवर जायची. गाठ केव्हाच बसलेली असायची, तरी बोटं काही लगेच उठत नसत.

"किंगा..."

"काय?"

"तुमच्या केसात कोंडा आहे."

"काय?"

"आमिषाचा! गव्हाचा! म्हणजे... मळलेल्या आमिषाचा." मग तो तो कण इतक्या हळुवारपणे काढायचा की तिला रागावताच येत नसे, आणि याचाच तिला जास्त राग यायचा.

मे महिन्यात एकदा तो आणि गाश्पारकाका दुकानामागे बराच वेळ बोलत उभे होते. त्या दिवसापासून याने जी मिठाची गुळणी धरली ती धरलीच. येणं तसंच, बघणं तसंच. उलट बघणं वाढलंच होतं. पण मुद्द्यावर आला की घोडं तिथेच पेंड खायचं. जूनमध्ये तर तो हातात एक पाकीट घेऊन धावतच आला. चेहरा नुसता फुललेला.

"किंगा, मला तुम्हाला एक—"

आतून काका खोकले.

आंब्रूशने पाकीट खिशात घातलं. "...विचारायचं होतं. मक्याचे दाणे किती वेळ उकडू?"

"अर्धा तास," किंगा दातओठ खात म्हणाली. "आणि डोकं थंड पाण्यात बुडवा. तुमचं."

जुलै गेला, ऑगस्ट गेला. अख्ख्या गावाने कार्प धरले. शेजारच्या ओर्शीकाकूंनी कपडे धुता धुता एक धरला. आंब्रूशला काही मिळेना. "नाचता येईना अंगण वाकडं," गाश्पारकाका मिशीत हसायचे. "सेगेडचे लोक! मासा गाळून गाळून त्यांना अख्खा मासा ओळखूच येत नाही."

सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी किंगाचा संयम संपला. सोमवारी सकाळच्या गाडीने तो जाणार, हे गावाला ठाऊक होतं. आजही तो दुकानात आला, शिशाच्या दोन गोळ्या घेतल्या, तिच्याकडे पाहत उभा राहिला, "येतो" म्हणाला आणि गेला. फक्त येतो! किंगाला रडू फुटलं आणि रडू फुटल्याचा संतापही आला. तिने दुकानाला कुलूप घातलं आणि ती तरातरा काठावर गेली.

तो वळणावरच्या विलोच्या झाडाखाली बसला होता. तिने त्याची दोरी ओढून घेतली. टोकाला तोच अजस्र गळ, आणि गळाला अंड्याएवढा उकडलेला बटाटा.

"बटाटा," किंगा म्हणाली.

"हो."

"मी मका सांगितला होता. बारीक गळ सांगितला होता. उन्हाळाभर सांगतेय! हा बटाटा कुणी सांगितला?"

आंब्रूश शिशाच्या दोन गोळ्या मोजायला लागला.

"कुणी सांगितला?"

"...काकांनी."

"बाबांनी? माझ्या बाबांनी? आणि हा गळ?"

"तो माझाच. पण हाच ठेव, असं त्यांनीच सांगितलं. म्हणाले, दुकानातल्या मुलीला काही माहीत नाही, ती पुस्तकी आहे. नदीचं मला विचार."

 मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मे महिन्यात आंब्रूशने काकांकडे जाऊन सांगितलं होतं, किंगाशी मला बोलायचं आहे, कशाबद्दल ते तुम्हाला कळलंच असेल. काका म्हणाले, आमच्या नदीतला कार्प स्वतःच्या हाताने धर, माझ्या हंड्यात रस्सा करून मला खाऊ घाल. तोवर तुझ्या पुढच्या आयुष्याबद्दल तिच्यापाशी एक अवाक्षर काढायचं नाही. शब्द दे. आणि या शहाण्याने शब्द दिला होता.

"आणि पाळलात?"

"शब्द म्हणजे शब्द."

"चार महिने! त्यांनी बटाटे दिले आणि तुम्ही... अहो, ते तुम्हाला मासा मिळू देतच नव्हते!"

"ते जुलैमध्येच लक्षात आलं माझ्या."

"मग?"

"पण त्यांचाच सल्ला मानून मिळवला असता, तर त्यांना बोलायला जागा उरली नसती ना..."

या माणसाला नदीत ढकलावं की मिठी मारावी, हे किंगाला कळेना. तिने दोन्हींपैकी काहीच केलं नाही. तिने स्वेटरच्या खिशातून बारीक दोरीचं रीळ काढलं, नखाएवढा गळ बांधला, मक्याचे दोन दाणे ओवले आणि काठी त्याच्या हातात कोंबली.

"टाकायचा तू. ओढायचा तू. मी फक्त ओरडणार."

"तू?" तो तिच्याकडे बघायला लागला. "तू म्हणालीस मला?"

"पाण्याकडे बघ!"

ते बसले. विलोची पिवळी पानं पाण्यावर उतरत होती. तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला होता. गार वारा होता म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं. दोरीचं तरंगतं बूच एकदा थरथरलं. पुन्हा थरथरलं. मग तिरपं होऊन सरळ आत गेलं.

"आता! नाही, अजून नाही! हो, आता! ओढ रे... अरे सैल सोड, दोरी बारीक आहे! सोड म्हणते ना! आता घे... घे, घे!"

वीस मिनिटांनी चार किलोचा सोनेरी कार्प गवतात तोंडाची उघडझाप करत पडला होता आणि आंब्रूशचंही तेच चाललं होतं.

"किंगा," तो धापा टाकत म्हणाला, "आता मी..."

"बोल."

"...नाही. आधी रस्सा."

"आंब्रूश!"

"शब्द म्हणजे—"

"पुढचा शब्द काढलास तर या माशाने मारीन तुला."

रविवारी दुपारी अंगणात चूल पेटली. गाश्पारकाकांचा हंडा तिकाटण्यावर टांगला गेला. काळाभोर, त्यांच्या आजोबांचा. एरवी तो पडवीतल्या एका खिळ्यावर असायचा आणि त्या भिंतीवर दुसरं काही टांगायची कुणाची हिंमत नव्हती. काका हाताची घडी घालून खुर्चीवर बसले. त्यांना बटाट्यांचा जाब किंगाने शुक्रवारीच विचारला होता. त्यावर फक्त त्यांचे कान लाल झाले होते.

आंब्रूशने काम झकास केलं. माशाचे खवले काढून, बारीक काटे तुटावेत म्हणून बाजूंना दाट चिरा पाडून, तुकडे मीठ लावून ठेवले. कांदा इतका बारीक चिरला की ओर्शीकाकू कुंपणावरून वाहवा म्हणाल्या. मधले चार जाड तुकडे किंगाने रात्रीला तळायला म्हणून बाजूला काढले. बाकीचं हंड्यात गेलं. रस्सा उसळला, फेस आला, पाप्रिका पडली आणि अंगणभर तो लाल, गोडसर वास पसरला. आंब्रूश कडीला धरून हंडा फिरवत होता. काकांना नावं ठेवायला काही सापडेना.

म्हणून ते एकदम म्हणाले, "बरं, शिजत आलंय. आता बोल. काय बोलायचं होतं माझ्या मुलीशी?"

आंब्रूशने तोंड उघडलं. मिटलं. किंगाकडे पाहिलं. 

"मी... म्हणजे गोष्ट अशी की एप्रिलमध्ये... खरं तर त्या पहिल्याच दिवशी..."

नमनालाच घडाभर तेल! आणि बोलता बोलता त्याच्या हाताने टेबलावरची लाकडी पळी उचलली. सेगेडला लहानपणापासून गाळणीत मासे दाबताना त्याच्या हातात पळीच असायची. घाबरलेल्या हाताला तेवढंच आठवलं. पळी हंड्यात गेली आणि त्याने ढवळलं. एकदा नाही. गोल, गोल, गोल.

ओर्शीकाकूंनी क्रूसाची खूण केली.

"ढवळलं!" गाश्पारकाका उभे राहिले. "माझ्या आजोबांच्या हंड्यात... ढवळलं!"

आंब्रूशने खाली पाहिलं. रश्श्यात आता तुकडा म्हणून उरला नव्हता. सगळा लगदा आणि काटे. पळी त्याच्या हातातून गळून पडली.

"हे खाता येणार नाही," काका म्हणाले. "आणि जे खाता येत नाही ते मी खाल्लं असं म्हणणार नाही."

"बरोबर आहे काका." आंब्रूशचा चेहरा राखेसारखा झाला होता. "शब्द म्हणजे शब्द." आणि तो खरंच टोपी उचलून फाटकाकडे वळला.

"थांब!" किंगा ओरडली. "एक पाऊल पुढे टाकलंस तर बघ. आणि बाबा, तुम्ही बसा. खाली बसा!"

काका बसले. मुलीचा असा आवाज त्यांनी आधी ऐकला नव्हता. किंगा स्वयंपाकघरात गेली आणि आलुबुखाऱ्याचा मुरांबा गाळायची मोठी गाळणी घेऊन आली. आठवड्यापूर्वीचा जांभळा डाग अजून तिच्या कडेला होता.

"किंगे," काका पुटपुटले, "माझ्या अंगणात... गाळणी?"

"हो. तुमच्या अंगणात. तुम्ही त्याला चार महिने बटाटे दिलेत, आणि हा चार महिने मुका राहिला. दोघांनी मिळून माझा उन्हाळा खाल्लात! मला कुणी विचारलं? बोलायचं माझ्याशी, आणि ठराव तुमच्या दोघांचा!" बोलता बोलता ती रस्सा गाळत होती, लगदा पळीने दाबत होती, डोळे पुसत होती. काटे वर राहिले. खाली दाट लाल रस्सा उतरला, अगदी सेगेडसारखा. तो तिने पुन्हा हंड्यात ओतला आणि बाजूला ठेवलेले चार तुकडे त्यात अलगद सोडले. उकळी आली तसा हंडा कडीला धरून गरकन फिरवला.

आंब्रूश फाटकाशी उभा राहून पाहत होता. "किंगा... हा तर माझ्या आईचा रस्सा झाला."

"झाला ना?" तिने तुकडे शिजू दिले आणि मग उकडलेल्या शेवयांचं पातेलं त्यात उपडं केलं.

"अगं! गाळलेल्या रश्श्यात शेवया?"

"हो. थोडं तुलाही दुखू दे." तिने हिरव्या लोकरीने शिवलेल्या बाहीनेच नाक पुसलं. "आणि तू विचारणार नाहीस हे मला कळलंय, म्हणून मीच विचारते. माझं तुझ्यावर प्रेम आहे. तू बटाटा लावून बसलास तरी आहे. लग्न करशील का? सेगेडला यावं लागलं तर येईन. पण रविवारी इथे. दर रविवारी!"

"सेगेडला?" आंब्रूश म्हणाला. "सेगेडला कशाला?"

"तू उद्या चाललायस ना!"

"सामान आणायला. मी इथेच कायमची नेमणूक मागून घेतली होती. जूनमध्ये मंजूर झाली." त्याने कोटाच्या आतून एक चुरगळलेलं पाकीट काढलं. "तेच सांगायला आलो होतो त्या दिवशी. पण ते माझ्या पुढच्या आयुष्याबद्दल होतं, आणि काका खोकले..."

किंगाने पाकिटातल्या कागदावरची तारीख वाचली.

"जूनमध्ये," किंगा म्हणाली.

"जूनमध्ये?" काकांचा आवाज बसला. "म्हणजे तू हिला घेऊन जाणारच नव्हतास?"

"नाही काका."

"मग मी... मला वाटलं, पोरगी गेली की या घरात मी आणि हे गळ. दुसरं कोण आहे मला?" म्हातारा रडत नव्हता, पण मिशी हलत होती. "गाढवा, सांगायचंस ना!"

"तुम्हीच शब्द घेतला होतात, काका..."

किंगाने तिघांची ताटं आपटली. कुणाशी भांडावं, कुणाच्या गळ्यात पडावं, तिला सुचेना. शेवटी ती आंब्रूशच्या गळ्यात पडली, कारण तो उभा होता. त्याने तिच्या केसांत तोंड खुपसून एकदाचं ते वाक्य म्हटलं, जे एप्रिलपासून त्याच्या घशात अडकलं होतं. काय म्हणाला ते ओर्शीकाकूंनाही ऐकू आलं नाही, आणि त्यांनी कान किती लांब केले होते ते मला ठाऊक आहे.

गाश्पारकाकांनी ताट जवळ ओढलं. संशयाने वास घेतला. एक चमचा घेतला. मग दुसरा. मग पाव मोडून ताट पुसलं.

"वाईट आहे," ते म्हणाले. "अजून वाढ. आणि ओर्शी, हे कुंपणाबाहेर गेलं तर याद राख."

जेवणं झाल्यावर किंगाने हंडा घासून खिळ्यावर टांगला आणि गाळणी आत न्यायला उचलली.

"राहू दे," काका तिच्याकडे न बघता म्हणाले. "ती पण इथेच टांग. शेजारी."

किंगा गाळणी छातीशी धरून उभी राहिली.  आंब्रूश मात्र धावला, दुकानातून हातोडी नि खिळा घेऊन आला, आणि घाईघाईने ठोकायला लागला. खिळा टाचणीएवढा होता. पहिल्याच घावाला तो वाकला.

काकांनी एक लांब उसासा टाकला.

"किंगे," ते म्हणाले, "याला खिळाही तूच निवडून दे बाई."